डास : डोंगरी प्रदेशातील ऋतुनिष्ठ चढउतार

डासांची संख्या वर्षभर सारखी राहत नाही. तापमान, हवेतील आर्द्रता आणि साचलेल्या अथवा संथ वाहणाऱ्या पाण्याची उपलब्धता यांनुसार ती वाढते किंवा घटते. निरनिराळ्या जातींची वाढ निरनिराळ्या महिन्यांत होते. सपाट प्रदेशात हे चक्र बरेचसे ठरावीक असते. डोंगरी प्रदेशात मात्र उंची, उतार, पाण्याचा वेग व वनाच्छादन यांमुळे ते थोड्या अंतरावरही बदलते. प्रस्तुत नोंदीत नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ व सुरगाणा हे तालुके, म्हणजेच सह्याद्रीचा माथा व त्याचा पश्चिम उतार, हे मुख्य उदाहरण म्हणून घेतले असून इतर उंच प्रदेशांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

उंचीचा परिणाम : समुद्रसपाटीपासून वर जावे तसे हवेचे सरासरी तापमान दर १,००० मी. ला सुमारे ६.५° से. ने कमी होते. डास हा शीत रक्ताचा कीटक असल्यामुळे अंड्यापासून अळी, कोश व प्रौढ या अवस्थांतून जाण्यास लागणारा काळ सर्वस्वी तापमानावर अवलंबून असतो. पाणी २८° से. च्या आसपास असेल, तर हे रूपांतर आठ-दहा दिवसांत पुरे होते. थंड पाण्यात त्यास दोन ते तीन आठवडे किंवा अधिकही लागतात. म्हणून उंच ठिकाणी डासांच्या वर्षभरातील पिढ्या कमी होतात व त्यांचा हंगाम आखूड होतो.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. उंच आहे, तर नाशिक जिल्ह्यातील साल्हेरची उंची १,५६७ मी. आहे. लोकवस्तीची गावे याहून पुष्कळच खाली आहेत. तेव्हा केवळ थंडीमुळे डास नाहीत असा वस्तीचा प्रदेश महाराष्ट्रात नाही. पूर्व आफ्रिकेच्या पठारावर १,५०० मी. च्या वर हिवतापाची साथ क्वचित येते, पण एखादे वर्ष नेहमीपेक्षा उबदार व पावसाचे गेले म्हणजे ती प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत मोठ्या वेगाने पसरते. हवाई बेटांवर १८२६ च्या सुमारास जहाजांतून क्यूलेक्स डास पोहोचला. पुढे पक्ष्यांच्या हिवतापामुळे तेथील मूळच्या पाखरांच्या कित्येक जाती सखल भागातून नाहीशा झाल्या व ज्या उरल्या त्या बहुतांशी डास न पोहोचणाऱ्या थंड, उंच अरण्यात. या दोन्ही प्रदेशांत तापमानाची सीमा स्पष्ट दिसते. सह्याद्रीत तसे नाही. येथे उंचीचा परिणाम तापमानापेक्षा पावसातून व पाण्याच्या उतारावरून वाहण्यातून अधिक होतो, आणि या विषयावरील सर्वसाधारण पुस्तकांत तापमानावरच भर असल्याने ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

पेठची प्राकृतिक परिस्थिती : नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिमी. पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस सुमारे ५५ किमी. वरील पेठ परिसरात तो २,००० मिमी. च्या वर जातो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सावळघाट उतरून पेठकडे जाऊ लागले, की सपाट शेते संपून टेकड्या, दऱ्या आणि पश्चिमेकडे वाहणारे असंख्य ओहोळ सुरू होतात. हे पाणी दमणगंगा, पार व नार या नद्यांतून गुजरातकडे व पुढे अरबी समुद्राला जाते. खडक बेसाल्टाचा, माती उथळ व उतार तीव्र असल्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी मुरत नाही. म्हणूनच पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओहोळ फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात आणि एप्रिल-मे महिन्यांत बायकांना हंडाभर पाण्यासाठी नदीच्या पात्रातील झिऱ्यांवर तासन्‌तास बसावे लागते. डासांच्या दृष्टीने या स्थितीचा अर्थ असा, की एकाच ओहोळात वर्षाच्या निरनिराळ्या काळी धो धो प्रवाह, निर्मळ संथ धार, तुटक डोह व कोरडे रांजणखळगे असे चार वेगवेगळे अधिवास एकामागून एक तयार होतात. डासांच्या जातींचा वार्षिक क्रमही मुख्यतः त्यांनुसार लागतो.

वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी जमातींची असून ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. भात, नागली व वरई ही मुख्य पिके. जुन्या पद्धतीच्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या व शेणामातीने सारवलेल्या असतात आणि गुरांचा गोठा बहुधा घरालाच लागून किंवा एकाच छपराखाली असतो. या तपशिलाचे महत्त्व पुढे येईल.

वार्षिक चक्र : मृगाच्या पहिल्या सरींबरोबर सर्वांत आधी दिसतात ते ईडिस प्रजातीचे डास. यांची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओलसर पृष्ठावर घालते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात व पाण्याने भिजताच फुटतात. झाडांच्या ढोल्या, तोडलेल्या बांबूची खुंटे यांत ईडिस आल्बोपिक्टस, तर नदीपात्रातील खडकांच्या खळग्यांत ईडिस व्हिटॅटस वाढतो. ज्या ढोल्यांत हे डास वाढतात त्यांतच टॉक्सोऱ्हिंकायटीस हा मोठा, चकाकणारा डास आढळतो. त्याची अळी इतर डासांच्या अळ्या खाते व प्रौढ मादी रक्त मुळीच शोषीत नाही. डास म्हटला की चावणारच, ही समजूत त्यामुळे खरी ठरत नाही.

याच सुमारास गुरांच्या खुरांचे ठसे, रस्त्याकडेचे खड्डे व राब टाकून तयार केलेल्या रोपवाटिकांच्या आसपास साचणारे गढूळ पाणी यांत ॲनॉफेलीस सबपिक्टस व ॲनॉफेलीस व्हेगस यांची संख्या भराभर वाढते. गोठ्यात दिवसा भिंतीवर बसलेले डास मोजले, तर जुलै-ऑगस्टमध्ये हेच सर्वाधिक भरतात. मात्र हे मुख्यतः गुरांचे रक्त पिणारे असून डोंगरी भागातील हिवतापात त्यांचे महत्त्व नगण्य आहे.

आषाढ-श्रावणातील मुसळधार पाऊस डासांना पोषक असतो असे सामान्यतः समजले जाते. तीव्र उताराच्या प्रदेशात हे अर्धेच खरे आहे. ओहोळांना येणारे लोंढे कडेच्या गवतातील अळ्या धुऊन नेतात. प्रवाहात वाढणाऱ्या जातींची संख्या त्यामुळे या दोन महिन्यांत वर्षातील नीचांकाला येते. भातखाचरांत मात्र पाणी स्थिर राहते व तेथे क्यूलेक्स व्हिश्नुई गटाचे डास वाढतात. खाचरांतही पिकाच्या वाढीबरोबर जाती बदलतात. लावणी नुकतीच झालेली असताना व रोपे आखूड असताना पाण्याचा पृष्ठभाग उघडा असतो. तेव्हा ॲनॉफेलीस क्यूलिसिफेसीस या हिवतापवाहक डासाची मादी तेथे अंडी घालते. ही मादी पाण्यावर उडत-नाचत अंडी सोडते. पुढे रोपे उंच व दाट झाली, की पात्यांचा अडथळा होऊन तिला ते जमत नाही. पी. एफ्‌. रसेल व टी. रामचंद्र राव यांनी १९४० नंतरच्या सुमारास मद्रास प्रांतातील भातशेतीत केलेल्या प्रयोगांवरून हे कारण दाखवून दिले. पाण्याचा गुणधर्म नव्हे, तर केवळ उभ्या काड्यांची दाटी पुरेशी ठरते, हा त्यांचा निष्कर्ष कीटकविज्ञानातील सुबक प्रयोगांत गणला जावा असा आहे. याच रामचंद्र राव यांनी पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालकपद भूषविले व भारतातील ॲनॉफेलीस डासांवर मोठा ग्रंथ लिहिला.

भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस ओसरतो व डोंगरी डासचक्राचा खरा कळस सुरू होतो. ओहोळांचे पाणी निवळते, धार संथ होते, कडेला गवत व शेवाळ माजते. ॲनॉफेलीस फ्ल्युव्हिएटिलिस या लहान, काळसर डासाला अशीच जागा हवी असते. त्याचे जातिनामच ‘नदीचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. त्याची अळी प्रवाहाशी समांतर न राहता कडेच्या गवताच्या आडोशाने तग धरते. धार अगदी थांबली किंवा पाणी घाण झाले, तर ती तेथे वाढत नाही. ऑक्टोबरपासून या डासाची संख्या चढत जाते व हिवाळ्यात, सपाट प्रदेशातील इतर जाती मंदावलेल्या असताना, तो पुष्कळ प्रमाणात आढळतो. ओहोळ आटू लागले, की त्याचा हंगाम संपतो.

फाल्गुनानंतर प्रवाह तुटून पात्रात डोह राहतात. हे डोह, पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत खणलेले झिरे व उघड्या विहिरी यांत क्यूलिसिफेसीस पुन्हा डोके वर काढतो. परंतु उन्हाळ्यातील कोरड्या हवेत प्रौढ डासाचे आयुष्य फार थोडे असते. संख्या बरी असूनही त्याच्याकडून होणारा रोगप्रसार या काळात सहसा कमी राहतो. विहिरीत वा झिऱ्यात अळ्या दिसल्या म्हणून तेथे कीटकनाशक टाकण्याचा मोह आवरावा लागतो, कारण बहुधा तेच गावाचे एकमेव पिण्याचे पाणी असते. तेथे गप्पी मासे सोडणे किंवा झाकण बसविणे हाच योग्य उपाय होय.

संख्या आणि रोगप्रसार : डास पुष्कळ म्हणजे हिवताप पुष्कळ, असे सरळ नाते नाही. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढून त्याच्या लालाग्रंथींपर्यंत पोहोचावा लागतो. यास लागणाऱ्या दिवसांचा अंदाज करण्याचे एक प्रचलित सूत्र आहे. प्लास्मोडियम फाल्सिपेरमसाठी १११ या संख्येला सरासरी तापमानातून १६ वजा करून येणाऱ्या संख्येने भागतात. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्ससाठी १०५ ला तापमान वजा १४.५ ने भागतात. त्यानुसार २५° से. ला फाल्सिपेरमला सुमारे १२ दिवस, तर २०° से. ला २८ दिवस लागतात. व्हायव्हॅक्ससाठी हेच आकडे १० व १९ येतात. आता रोज दहापैकी नऊ डास जिवंत राहतात असे धरले, तर १२ दिवसांनी शंभरातील सुमारे २८ डास उरतील, पण २८ दिवसांनी केवळ पाच. अवघ्या पाच अंशांच्या फरकाने रोग पसरविण्यास समर्थ डासांची संख्या अशी पाचव्या हिश्श्याच्याही खाली येते.

नाशिकच्या डोंगराळ भागात पौष-माघात रात्रीचे तापमान १०° से. च्या आसपास किंवा त्याखाली उतरते. फ्ल्युव्हिएटिलिस त्या वेळी ओहोळांत मुबलक असला, तरी फाल्सिपेरमचा प्रसार मंदावतो. धोक्याचा काळ हा डासांच्या संख्येचा कळस नसून त्याच्या आधीचा, म्हणजे साधारणपणे आश्विन-कार्तिकाचा असतो. तेव्हा डास वाढलेले असतात, हवा अजून उबदार असते व पावसाळ्यानंतरची आर्द्रता त्यांचे आयुष्य लांबविते. अर्थात कुडाच्या घरात चूल व गुरे यांमुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते. डास तेथे विश्रांती घेत असतील, तर वेधशाळेच्या तापमानावरून केलेला हिशेब जपूनच वापरला पाहिजे.

रुग्णसंख्येवरून डासांचा हंगाम ओळखू पाहणेही फसवे ठरते. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनंतर पुन्हा ताप आणतो. त्यामुळे उन्हाळ्यात दिसणारे कित्येक रुग्ण मागील हंगामात चावलेल्या डासांचे असतात. शिवाय भात-नागलीची कापणी उरकली, की पेठ-सुरगाण्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर व गुजरातेतील वलसाड-वापी भागात मजुरीसाठी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रोग कोठे जडला व कोठे नोंदला गेला यांत अशा वेळी फरक पडतो.

सुरगाण्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलात पावसाळ्यानंतर व हिवाळ्याच्या पूर्वार्धात जाण्यास ब्रिटिश अमदानीतील अधिकारी धजत नसत. हिवाळा सरून पाने गळू लागल्यावरच त्यांचे दौरे निघत. वाईट हवा हे त्यांनी दिलेले कारण बरोबर नव्हते, पण महिने बरोबर होते. ताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये ॲनॉफेलीस डासाच्या जठरभित्तीवर परजीवीच्या पुटी आढळल्यानंतरच सिद्ध होऊ लागले. अधिकाऱ्यांना निदान दौऱ्याचा महिना निवडता येत होता. त्या जंगलात बारमाही राहणाऱ्यांना तो पर्याय नव्हता.

गणनेच्या पद्धती : पहाटे किंवा सकाळी ठरावीक घरांत व गोठ्यांत विजेरीच्या प्रकाशात चोषणनळीने डास पकडतात व एका माणसाने एका तासात पकडलेली संख्या नोंदवितात. पाण्यातील अळ्यांसाठी लांब दांड्याच्या पळीने पाणी उपसून दर पळीमागे किती अळ्या आल्या हे पाहतात. डोंगरी भागात या आकड्यांत मोठी तफावत येते. एकाच ओहोळाच्या वळणावर पन्नास अळ्या, तर वीस पावलांवर एकही नाही, असे होते. म्हणून ठिकाणे कायम ठेवून वर्षभर, शक्यतो लागोपाठ काही वर्षे गणना केल्याशिवाय ऋतुचक्राबद्दल विधान करणे योग्य नव्हे.

आणखी एक अडचण १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाली. मादीच्या अंडाशयातील महागुणसूत्रांच्या अभ्यासावरून फ्ल्युव्हिएटिलिस ही एक जाती नसून किमान तीन जातींचा समूह आहे असे आढळले. त्या बाह्यतः सारख्याच दिसतात व त्यांना एस, टी व यू अशी अक्षरे दिली आहेत. यांपैकी एस ही प्रामुख्याने माणसाचे रक्त पिते व प्रभावी रोगवाहक आहे, तर टी व यू या मुख्यतः गुरांवर जगतात. क्यूलिसिफेसीस हाही ए ते ई अशा पाच जातींचा समूह आहे. तेव्हा जुन्या नोंदींत केवळ ‘फ्ल्युव्हिएटिलिस’ असे लिहून दिलेल्या संख्यांवरून त्या त्या गावातील धोका मोजता येत नाही.

नियंत्रण व हंगाम : उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. तेथील सह्याद्रीच्या भागात व धारवाड जिल्ह्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग झाले. फ्ल्युव्हिएटिलिसने पछाडलेल्या या मुलखात त्यांना मोठे यश आले आणि १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली होती. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. क्यूलिसिफेसीसमध्ये डीडीटीला निर्माण झालेला प्रतिकार हे या पुनरागमनाचे एक कारण होते. डोंगरी भागाच्या दृष्टीने मात्र वेळापत्रकाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

फवारणीच्या फेऱ्या सामान्यतः पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आखल्या जातात. क्यूलिसिफेसीसच्या सपाट प्रदेशाला ते धरून आहे. घाटमाथ्यावर जूनमध्ये केलेल्या फवारणीचा प्रभाव फ्ल्युव्हिएटिलिसचा हंगाम सुरू होईपर्यंत, विशेषतः ओलसर भिंतींवर, बराच ओसरलेला असतो. त्यातून दुसरी फेरी वेळेवर झाली, तरी वाघबारस व दिवाळीसाठी घरे सारवली जातात आणि शेणामातीचा नवा थर औषधाला झाकून टाकतो. हा दोष सारवणाऱ्या गृहिणीचा नव्हे; सणाची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते आणि फवारणीची तारीख तिच्यापुढे-मागे ठेवणे यंत्रणेला सहज शक्य आहे. कीटकनाशकाने भारलेल्या टिकाऊ मच्छरदाण्यांवर सारवणाचा परिणाम होत नाही हा त्यांचा मोठा फायदा होय. परंतु कापणीच्या दिवसांत खळ्यावर वा शेतातील माचीवर झोपणारा माणूस मच्छरदाणी बरोबर नेतोच असे नाही.

ओहोळाच्या काठचे गवत कापणे, धार मोकळी करणे, मधूनमधून बांध घालून पाणी एकदम सोडणे व अळ्या वाहवून लावणे हे जुने उपाय चहाच्या मळ्यांत यशस्वी झालेले आहेत. उन्हाळ्यातील टंचाईसाठी पेठसारख्या भागात वनराई बंधारे व सिमेंटचे बंधारे बांधले जातात आणि ते आवश्यकच आहेत. मात्र त्यांमुळे संथ पाण्याचा काळ वाढतो व प्रवाहातील जातींऐवजी डोहातील जातींना वाव मिळतो. बंधाऱ्यात गप्पी मासे सोडणे व सांडव्याखालील पाझर साफ ठेवणे ही कामे बांधकामाच्या आराखड्यातच धरली, तर पुढे वेगळा खर्च करावा लागत नाही.

अलीकडील बदल : सरासरी तापमान वाढू लागल्यामुळे डासांची उंचीची सीमा वर सरकत असल्याचे जगाच्या अनेक भागांत आढळले आहे, नेपाळमध्ये डेंग्यूवाहक ईडिस डास २,००० मी. च्या वरही सापडले आहेत. सह्याद्रीत सीमा वर सरकण्याचा प्रश्न फारसा नाही, कारण माथ्यावर डास आधीपासूनच आहेत. येथे बदल होईल तो हंगामाच्या लांबीत. हिवाळ्यातील सरासरी तापमान २०° से. वरून दोन अंशांनी जरी वाढले, तरी वरील सूत्रानुसार फाल्सिपेरमला लागणारे दिवस २८ वरून सुमारे १८ वर येतात व आज थंडीने मंदावणारा प्रसार पौषातही चालू राहू शकतो. दुसरीकडे पाऊस लांबला तर ओहोळ उशिरा निवळतात आणि फ्ल्युव्हिएटिलिसचा हंगाम पुढे, अधिक थंड दिवसांत ढकलला जातो. भारताने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्रात या रोगाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर असून साहजिकच लक्षही तिकडे अधिक आहे. पेठ-सुरगाण्यासारख्या तालुक्यांत रुग्ण थोडे राहिले, तरी वाहक डास व त्यांचे ओहोळ जागच्या जागी आहेत. तेथील ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांतील डासगणना बंद न पडू देणे हे त्यामुळे आवश्यक ठरते.